गप्प बसण्याचे दोन प्रकार

माझ्या नवऱ्यानं लहानपणी कुत्रा पाळला होता, हे मला एका परक्या बाईकडून कळलं. तेही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, कॉफीच्या मशीनपाशी.

"सरांचा तो कुत्रा म्हणजे धमालच की, काकू!" ती म्हणाली.

"कुठला कुत्रा?"

"तो हो, लंगडा. घरातल्या सगळ्यांच्या चपला नेऊन शेजारणीच्या दारात मांडून ठेवायचा तो."

"हां हां, तो," मी म्हटलं आणि मशीनचं भलतंच बटण दाबलं. कपात नुसतं गरम पाणी आलं. तेच पीत उभी राहिले, कारण तिच्यासमोर दुसऱ्यांदा चुकायचं नव्हतं. आणि काकू! हिच्यात नि माझ्यात फार तर दहा वर्षांचं अंतर असेल. मी काकू, आणि माझ्याहून वयानं मोठा माझा नवरा मात्र सर.

मी मनातल्या मनात तिचं नाव चाचणीवाली ठेवलं होतं. डोक्याच्या ऑपरेशनच्या आधी आणि ऑपरेशन चालू असताना पेशंटची भाषा तपासायची, हे तिचं काम. कामात हुशार होती. तेच तर डोळ्यांत खुपत होतं.

माझा नवरा प्रॉम्प्टर आहे. नाटक चालू असताना विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, वर छोटा दिवा, आणि नट अडला की हलक्या आवाजात त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. आख्खी नाटकं त्याला पाठ आहेत. राजाची वाक्यं, खुन्याची, आणि प्रेमात पडलेल्या बायांची तर सगळीच. संध्याकाळभर जगाला शब्द वाटून हा माणूस घरी येतो तो रिकामा. घरी "हं", "बरं" आणि "मीठ दे". मला नट्यांचा कधी हेवा वाटला नाही असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते. त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य ज्या ज्या बाईच्या कानात गेलं, त्या प्रत्येकीचा मला हेवा वाटलेला आहे.

मी स्वतः ड्रायव्हिंग शिकवते. माझं तोंड दिवसभर चालू असतं. क्लच, क्लच, आरसा बघ, सोड, सोड म्हटलं ना, ब्रेक! माझ्या धंद्यात बोलायचं थांबलं की गाडी भिंतीवर. नवराही आधी माझा विद्यार्थीच होता. त्याला लायसन्स कधी मिळालं नाही. प्रत्येक चौकात तो समोरच्या गाडीला आधी जाऊ द्यायचा, तिच्यामागच्या गाडीलाही, आणि मग रस्ता मोकळा असला तरी कुणी येतंय का म्हणून वाट बघत बसायचा. शेवटी मी त्याच्याशी लग्न केलं, आणि गाडी आजतागायत मीच चालवते.

त्याच्या डोक्यातली गाठ कळली ती प्रयोगात. दुसऱ्या अंकात मुख्य नटी अडली, तिनं विंगेकडे पाहिलं, आणि याला वाक्य समोर दिसत असून तोंडातून बाहेर पडेना. उजवा हात थरथरायला लागला. पडदा पाडावा लागला.

सर्जन मोकळा माणूस होता. त्यानं फिल्म खिडकीच्या काचेला धरून दाखवली. "गाठ डावीकडे आहे, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. म्हणून अर्धं ऑपरेशन आम्ही यांना जागं ठेवून करणार. घाबरू नका, मेंदूला दुखत नाही. मी एकेका जागी हलका करंट लावायचा, तेवढ्या वेळापुरती ती जागा बंद पडते. बोलता बोलता हे गप्प झाले, की मला कळतं, इथे हात लावायचा नाही. चालू राहिले, की तिथून गाठ काढता येते."

"आणि बोलत ठेवणार कोण?" मी विचारलं.

सर्जननं चाचणीवालीकडे हात केला. ती गोड हसली.

म्हणजे चित्र असं होतं. आत हिरव्या कापडाच्या तंबूत हिचा चेहरा याच्या चेहऱ्यासमोर, आणि हा सलग बोलणार, हिच्याशी. मी बाहेर बाकावर. आणि सर्जनचा हात जरा इकडचा तिकडे झाला, तर माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातलं शेवटचं वाक्य हिच्या कानात पडणार. मी आयुष्यभर "मीठ दे" गोळा केलेलं, आणि शेवटचं वाक्य हिला! भीती तर वाटतच होती. पण खरं सांगायचं तर भीतीच्या वर मत्सर होता, दुधावर साय असते तसा.

आधी तिनं त्याच्याबरोबर बैठका घेतल्या. माणसाच्या आयुष्यातल्याच गोष्टींवर वाक्यं बेतली की चाचणी चांगली होते, असं तिचं म्हणणं. पहिल्या बैठकीला मी नव्हते, दुसरीपासून मला कोपऱ्यात खुर्ची दिलेली. तिनं विचारलं आणि हा बोलायला लागला. कुत्रा पुन्हा निघाला. कुठल्याशा मामाचं सायकलचं दुकान निघालं. एकदा पावडरीचा डबा सांडून विंगेत सगळे शिंकत होते, ते सांगताना हा खो खो हसला. मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं होतं, ते आठवत बसले. माझा उजवा पाय सारखा फरशी दाबत होता. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, त्याची सवय.

"घरी का नाही सांगितलंस हे?" मी वॉर्डात आल्यावर विचारलं.

"हं," तो म्हणाला.

मग घोळ झाला तो वाक्यांच्या चाचणीत. तिनं वाक्य अर्धवट सोडायचं, यानं शेवटचा शब्द घालायचा. चित्रांची नावं तो फटाफटा सांगत होता. पण वाक्य आलं की गप्प. ती त्या संथ, सुंदर आवाजात म्हणायची, "पडदा वर गेला की दिवे..." आणि हा तिच्या ओठांकडे बघत बसायचा. ती थांबायची, पुन्हा म्हणायची. हा पुन्हा गप्प. त्याच्या कपाळावर घाम आला.

"शब्द दिसतोय," तो म्हणाला, "पण तोंड उघडतच नाहीये."

तिनं कागदावर फुली मारली. मी मात्र त्याचा अंगठा बघत होते.

आमचं नवंनवं होतं तेव्हा एकदा त्यानं मला विंगेत शेजारी बसवलं होतं. एवढा वेळ माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलला असेल, आणि तेही कुजबुजत. म्हणाला, "गप्प बसण्याचे दोन प्रकार. नट मुद्दाम थांबला, की शेवटचा शब्द तोडतो. अडला, की शेवटचा शब्द लांबवतो. अडलेल्याला शब्द द्यायचा, ताबडतोब. थांबलेल्याला दिलास, तर तो प्रयोगानंतर गळा धरतो." बोलताना त्याचा अंगठा संहितेच्या ओळीवर होता. नट थांबला की अंगठा ओळीवर रोवलेला. स्वतःचीच ओळ हरवली तर अंगठा पानभर फिरायचा.

आत्ता अंगठा गुडघ्यावर रोवलेला होता.

चाचणीवाली फार छान बोलायची. प्रत्येक वाक्य एखाद्या नटीसारखं तोडायची, आणि हा स्टुलावर बसल्यासारखा अदबीनं वाट बघत होता. त्याला स्वतःलाही ते कळत नव्हतं. त्याला वाटत होतं गाठीनं गिळलं सगळं.

बैठक संपल्यावर ती माझ्यामागे बाहेर आली. "काकू, हे घरीही असे मध्येच गप्प होतात का? आजाराआधी?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मला तो कुत्रा आठवला. त्याचं बोलणं सगळं हिच्याकडे गेलं होतं, त्याचं हसणंसुद्धा. माझ्याकडे त्याचं गप्प बसणं तेवढं उरलं होतं, आणि ते वाचता येणारी जगात मी एकटी. तेही हिला देऊन टाकू?

"मला काय माहीत," मी म्हटलं. "तुम्हीच ओळखता त्यांना चांगलं."

तिचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं. घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जननं मला बोलावलं. "वाक्यांची चाचणी भरवशाची नाही," तो म्हणाला. "गप्प झाले तर करंटमुळे की आपसूक, ते मला कळणार नाही. म्हणजे मला लवकर थांबावं लागेल आणि गाठीचा बराच भाग आत राहील. नुसत्या चित्रांच्या भरवशावर पुढे गेलो, तर घोडा, किल्ली, छत्री म्हणणारा नवरा तुम्हाला परत मिळेल. सबंध वाक्य बोलणारा मिळेलच असं नाही."

मी वॉर्डात आले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "बहुतेक आधीच गेलंय गं," तो म्हणाला. "आता काय वाचवायचंय?"

इतकं लांब वाक्य तो माझ्याशी बोलला आणि ते हे निघालं. मी तशीच उठले आणि चाचणीवालीच्या खोलीत घुसले.

"तुम्ही फार छान बोलता, हाच सगळा घोळ आहे," मी म्हटलं. "तो अडत नाहीये, तो तुमच्यासाठी थांबतोय." आणि मी सगळं सांगितलं. तोडलेला शब्द, लांबवलेला शब्द, अंगठा. सांगताना घरातली चांदी मोडीत घालतेय असं वाटत होतं. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

"मग मी घाईघाईनं बोलून बघते," ती म्हणाली. आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. तिनं भरभर बोलायचा प्रयत्न केला, पण पट्टीची बोलणारी ती, शेवटी आवाज तोडल्याशिवाय तिला राहवेना. अंगठा रोवलेलाच. मला असह्य झालं. "अरे, पडदा वर गेला की दिवे काय होतात, बोल ना लवकर!"

"लागतात," तो म्हणाला.

चाचणीवाली माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, तुमच्या बोलण्यात थांबायला जागाच नाही."

"मला आत बसू द्या मग."

"तसं चालत नाही तिथे. पण तुमचा आवाज चालेल."

मग दुपारभर तिच्या खोलीत, खिडक्या लावून, मी तिची वाक्यं रेकॉर्डिंगसाठी वाचली. क्लच-ब्रेकच्या चालीवर. प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडची माहिती घेऊन तिनं बनवलेलं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं आयुष्य मी हिच्या अक्षरात वाचत होते. कुत्रा आला, तो मी दात आवळून वाचला. मामाचं दुकान आलं. मग हे आलं: प्रयोग संपला की मी मागच्या दाराशी उभा राहून बायकोच्या गाडीची वाट...

रोज रात्री मी त्याला घ्यायला जायची आणि तो नेहमी दारातच उभा असायचा. मला वाटायचं, गप्पा आवरून नुकताच बाहेर आला असेल. हा माणूस कुणाशी न बोलता, पडदा पडल्या पडल्या येऊन तिथे उभा राहायचा? आणि मी नेहमी उशिरा!

"प्रयोग संपला की मी मागच्या दाराशी उभा राहून बायकोच्याऽऽ," मी म्हटलं, आणि पुढे आवाजच फुटेना. ती पाण्याचा ग्लास घेऊन उठली. मी हातानं तिला बस म्हटलं आणि उरलेलं वाक्य कसंबसं ओढून पूर्ण केलं.

"हे काढून टाकते," ती हळूच म्हणाली.

"काढाच," मी म्हटलं.

संध्याकाळी त्याला बाकीची वाक्यं ऐकवली. माझा आवाज बोलायचा की हा टकाटक उत्तरं द्यायचा. सर्जननं मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर. माझा आवाज आत गेला होता, मी नाही. त्या दिवशी मला माझ्याच आवाजाचा हेवा वाटला, यावरून काय ते समजा. भिंतीवर पाय टेकून मी ब्रेक दाबत बसले होते. एक आया म्हणाली, "ताई, रंग निघेल भिंतीचा."

आधी सर्जन आला. "काढायची होती तेवढी काढली. बोलणं शाबूत आहे. सूज असेपर्यंत काही दिवस अडखळतील, नाहीतर गप्प राहतील. घाबरू नका." आणि गेला.

मग चाचणीवाली आली. गालांवर मास्कचे वळ, डोळे सुजलेले. माझ्या शेजारी धपकन बसली.

"काकू, माझ्याकडून एक चूक झाली. तुमचं ते अडखळलेलं वाक्य काढायचं राहून गेलं."

मी भिंतीवरचा पाय खाली घेतला.

"शेवटी शेवटी सर थकले. करंट बंद होता, तरी गप्प. वाक्यामागून वाक्य गेलं, काही नाही. अंगठ्याकडे पाहिलं, तर हात चादरीखाली. सर्जननी हात थांबवला. म्हणाले, आपण काहीतरी दुखावलं. एवढ्यात तुमचं ते वाक्य लागलं. 'बायकोच्याऽऽ' म्हणून तुम्ही अडलात. आणि सर कुजबुजले, 'गाडीची'."

"काय?"

"'गाडीची.' अगदी हळू. तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये पुढचा शब्द बोलायच्या आधी. त्यांच्याकडून कुणी काही मागितलंच नव्हतं, काकू. तुम्ही अडलात म्हणून त्यांनी तुम्हाला शब्द दिला. सर्जन म्हणाले, आहे, माणूस आहे आत. सरांना जरा विश्रांती दिली, पुन्हा तपासलं, आणि मग राहिलेली गाठ काढली."

मी रडले. तिनं माझा हात धरला, मी धरू दिला. पण रडता रडताही एकच गोष्ट डोक्यात होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला, मला शब्द दिला, आणि तो ऐकला हिनं.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. डोक्याला ही मोठी पट्टी, डावा डोळा सुजून बंद. उघड्या डोळ्यानं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"कसं वाटतंय? दुखतंय का? पाणी हवंय? उशी वर करू? बोल ना," मी म्हटलं.

काही नाही. हात चादरीखाली होते. मी चादर बाजूला केली. अंगठ्यावर सलाइनची पट्टी, तो ना रोवलेला ना फिरणारा, नुसता पडलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं गप्प बसणं मला वाचता येईना. सूज असेल, सर्जन म्हणालाच होता. पण शेवटचे शब्द खरंच त्या हिरव्या तंबूतच राहिले असले तर? ते तिच्याचजवळ राहणार आता, कायमचे?

मी बोलत सुटले. गाडीचं बोलले, क्लच जाळणाऱ्या विद्यार्थ्याचं बोलले, आणि मग आतलं सगळं बाहेर आलं.

"तिला सगळं सांगितलंस. मामा सांगितलास, शिंका सांगितल्यास. आणि मी? मी कोण? तो लंगडा कुत्रा, इतक्या वर्षांत एकदा तरी त्या कुत्र्याबद्दलऽऽ"

आणि मी अडले. खरोखरची अडले.

"विचारलंस?" तो म्हणाला.

आवाज घोगरा, जड, पण शब्द स्वच्छ.

मला म्हणायचं होतं, "बोललास". इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं कुणाला चुकीचं वाक्य दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचा उघडा डोळा शांत होता. टोमणा नव्हता त्यात. अडलेल्या माणसाला पुढचं वाक्य दिलं होतं त्यानं, बस्स.

तेवढ्यात दार वाजलं. चाचणीवाली, हातात चित्रांचा गठ्ठा. "काकू, दहा मिनिटं सरांना जरा..."

"बाहेर थांबा," मी म्हटलं. "आत्ता माझी पाळी आहे."

ती हसली आणि दार ओढून घेऊन गेली.

मी खुर्ची पलंगाला भिडवली. "त्या कुत्र्याचा पाय कशानं गेला?" मी विचारलं, आणि मग तोंड मिटलं. तो लगेच बोलला नाही. मला वीस प्रश्न सुचले, चाळीस उत्तरं सुचली, उजवा पाय फरशीवर दाबला गेला. मी पाय उचलला, खुर्चीखाली घेतला, आणि वाट बघत बसले.

"मामाची सायकल," तो म्हणाला, आणि सांगायला लागला.